मळक्याचं दार, धुतलेल्याचं दार

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले, तेही पावसात ओहोळ भरला की घरी बसून. ही वही लेकीची आहे, तिच्या नववीची. मागची पानं कोरी राहिली होती. एखादा शब्द अडला की तो तिच्या पुढच्या पानांवर शोधते, सापडला तर तसाच उतरवते, नाहीतर अंदाजाने लिहिते. कोणाला दाखवायला म्हणून लिहीत नाही. पण वही घरातच राहणार, कधीतरी कोणाच्या हाती लागणार, म्हणून माफी.

लिहायचं आहे ते फुटबॉलबद्दल. मी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण करोनाच्या त्या वर्षी देशभरातल्या टीम गोव्यात येऊन हॉटेलांमध्ये राहिल्या आणि रिकाम्या मैदानांत खेळल्या. त्यातल्या एका टीमचे कपडे मी धुतले. तीन महिन्यांच्या वर, रोज.

माझं माहेर मालवणच्या किनाऱ्यावर, सासर दोडामार्गजवळ. आमच्याकडून गोव्याची हद्द इतकी जवळ की अर्धा गाव रोज कामाला तिकडेच जातो. मी समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात लाँड्रीत होते. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. आमचे हे दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर, केळी घेऊन जायचे. लॉकडाऊन लागला आणि हद्दीवर बांबू आडवे पडले. त्यांचंही काम गेलं, माझंही. पावसाच्या तोंडावर वाऱ्याने मागच्या पडवीचे पत्रे उडवले. लेक तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. शाळा फोनवर सुरू झाली आणि आमच्या घरात तसला फोन नव्हता. ती शेजारच्या मुलीच्या खांद्यावरून वाकून शिकायची.

दिवाळीच्या आधी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. फुटबॉलची टीम येऊन राहणार, शिमग्यापर्यंत. टीमबरोबर जे कामगार आत राहतील त्यांनी बाहेर जायचं नाही, बाहेरच्या कोणी आत यायचं नाही. त्याला ते बबल म्हणत होते. पगार होताच, शिवाय वरचे चाळीस हजार, आणि तेही आधी, कारण भीतीने कोणी यायला तयार नव्हतं. अट एकच. नियम मोडून मध्येच बाहेर पडावं लागलं तर वरचे पैसे परत.

मी हो म्हटलं. पत्रे आले, लेकीचा फोन आला, दुकानाची उधारी गेली. चाळीस हजार मी आत जायच्या आधीच संपले होते.

निघताना लेक बसथांब्यावर आली होती.

"किती दिवस गो आये?"

"शिमग्याक येतलंय."

"शिमगो खूप लांब आसा."

"फोन आसा मा आता तुका."

तिने फोन छातीशी धरला होता. मास्कमुळे नुसते डोळेच दिसत होते. बस वळली तेव्हा मला वाटलं, हिला काहीतरी सांगायचं राहिलं. काय ते तेव्हा कळलं नाही.

आत गेल्यावर पहिले सात दिवस एकेका खोलीत बंद. जेवण दाराबाहेर ठेवायचे. मग लाँड्री. आमच्या लाँड्रीला पहिल्यापासून दोन दारं. एका दाराने मळकं आत यायचं, मशिनी मधे, आणि धुतलेलं दुसऱ्या दाराने बाहेर जायचं. मळक्याच्या दाराला लागलेला हात धुतल्याशिवाय दुसऱ्या दाराला लावायचा नाही. हे मी दहा वर्षं पाळत होते. करोनात सगळं जग तसंच वागायला लागलं, एवढंच.

माझ्या खोलीत स्वयंपाकघरातली एक बाई होती, मालवणकडची ख्रिस्ती, माझ्या माहेरापासून दोन गावं पलीकडची. सगळे तिला आंटी म्हणत, मीही. दर तिसऱ्या दिवशी आमच्या नाकात काडी घालून तपासत. आंटी त्या मुलाला म्हणायची, "बाबा, हळू. ह्या नाक माका बापाशीन दिल्लाहा, दुसऱ्या मेळूचा नाय."

टीमचा एक किटवाला होता. खेळाडूंचे कपडे, बूट, सगळं त्याच्या ताब्यात. कोलकात्याकडचा पन्नाशीचा माणूस, हिंदीत बोलायचा. मला परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. तो सांगायचा, मी मान हलवायची. पंधरा दिवसांनी त्याने आंटीला विचारलं, "दीदी बोल नहीं सकती क्या?"

आंटी म्हणाली, "सकती है. महिने में एक बार. इस महिने का हो गया."

त्या दिवसापासून तो रोज येताना म्हणायचा, "दीदी, आज तारीख क्या है? बोलने का दिन आया?" मी तोंड फिरवून हसायची.

पहिल्याच आठवड्यात मी एक घोटाळा केला होता. सामन्याच्या जर्सी मऊ, बुळबुळीत कापडाच्या. मला वाटलं, एवढे लोक टीव्हीवर बघणार, कपडे कडक दिसायला हवेत. आंटीकडून उकड्या तांदळाच्या पेजेचं पाणी मागून घेतलं आणि वहीच्या पुठ्ठ्यासारखी खळ दिली. किटवाल्याने एक जर्सी उचलली तर ती हातात उभीच राहिली. त्याने ती तशीच जमिनीवर उभी करून पाहिली. मग एवढा हसला की भिंतीला टेकला. "दीदी, ये तो ख़ुद ही खेल लेगी." सगळ्या पुन्हा धुतल्या. घामाचा वास मात्र त्याच्या महागड्या साबणाने जाईना तेव्हा मी माडाच्या सुरेचं व्हिनेगर वापरलं. पुढच्या आठवड्यापासून तो स्वतःच स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणून ठेवायला लागला.

एकेका खेळाडूची एकेक जाळीची पिशवी, तिला नंबरची मोठी पिन. सकाळचा सराव, संध्याकाळचा सराव, मधे सामने. मी त्यांची तोंडं फार पाहिली नाहीत. आमच्या जिन्याने ते येत नसत, आणि आले तरी मास्क. पण कपड्यांवरून मला सगळे ठाऊक झाले. चार नंबर नेहमी डाव्या कोपरावर पडायचा, तिथला हिरवा डाग शेवटपर्यंत गेला नाही. अकरा नंबर बाहीला नाक पुसायचा. एक परदेशी होता, तो मोजे सुलटे करून, जोडी बांधून द्यायचा. त्याला आईने नीट वाढवलं असावं.

आणि एकतीस नंबर. सामन्यानंतर त्याची जर्सी परत यायची ती तशीच, मी घातलेल्या घडीच्या रेषा अजून दिसायच्या. वास साबणाचाच. पहिल्यांदा मला वाटलं चुकून आली. किटवाला म्हणाला, हा बाकावर बसतो, अजून मैदानात उतरवला नाही. ईशान्येकडच्या डोंगरातला आहे, वीस वर्षांचा, घर सोडून दोन महिने झाले. कोरडी जर्सी धुवायची गरज नव्हती. पण बाकीच्यांच्या धुवायच्या आणि त्याची तशीच ठेवायची हे मला बरं वाटेना. मी ती प्रत्येक वेळी धुतली.

सामने आम्ही जेवणाच्या खोलीत टीव्हीवर बघायचो. पहिल्या दिवशी माणसांचा एवढा गोंगाट ऐकू आला की मी म्हटलं, माणसांना आत सोडलं वाटतं. पण खुर्च्या रिकाम्या. आंटीने विचारून घेतलं, तर तो आवाज आधीचा, मशिनीतून सोडलेला. त्या साली आमच्या गावच्या जत्रेतही माणसं येऊ दिली नव्हती. हे फोनवर सांगत होते, दशावतार झाला तो देवापुढेच, मानकरी चार आणि राक्षस धरून नट सहा. मला ते दोन्ही एकच वाटलं. खेळणारे खेळतात, बघणारे घरी, आणि कोणाला तरी वाटतं की निदान आवाज तरी असावा.

सकाळी चादरी वाळत घालायच्या निमित्ताने मी गच्चीवर जायची. ड्रायर होते, पण ऊन ते ऊन. गच्चीवरून एका बाजूला समुद्र दिसायचा. सगळे तिकडे तोंड करून उभे राहायचे. मी दुसरीकडे. हवा स्वच्छ असली की पूर्वेला डोंगरांची निळी रेघ दिसायची, आणि त्या रेघेच्या पायाशी आमचं घर. मोटारसायकलने दीड तास. पाच महिने समुद्रापलीकडे राहिलेल्या परदेशी खेळाडूंना लांबच्या घराची आठवण येत असेल. पण जवळचं घर दिसतं आणि जाता येत नाही, हे वेगळं असतं. त्या दीड तासाचं प्रत्येक वळण मला पाठ होतं. डोळे मिटून मी रोज एकदा ते घरापर्यंत जाऊन यायची. उंबऱ्यापर्यंत. आत जायची नाही, आत गेलं की रडू यायचं.

आमच्या वाडीत रेंज नाही. संध्याकाळी लेक काजूंच्या वरच्या कातळावर चढून फोन लावायची, त्यामुळे फोनमध्ये तिच्या मागे नेहमी आकाश. सुरुवातीला खूप बोलायची. नंतर कमी. दर आठवड्याला तिचा चेहरा थोडा लांब झालेला वाटायचा. इकडे माझ्या आजूबाजूला नेहमी कोणीतरी असायचं, आणि लोकांसमोर फोनवर बोलायची मला लाज. मी विचारायची, "जेवलंस?" ती म्हणायची, "जेवलंय." मी म्हणायची, "अभ्यास कर." ती म्हणायची, "होय." मग दोघी नुसत्या बघत राहायचो.

शिमग्याला महिना राहिला होता. टीम शेवटच्या चारांत जाणार की नाही ते ठरायचे दिवस. दुपारी कधी फोन येत नसे, त्या दिवशी दुपारी आला. ती रडत नव्हती, पण आवाज बारीक.

"आये, तुझ्या भोवती कोण आसा?"

"कोण नाय." मशिनी चालू होत्या, किटवाला दारात होता. मी पाठ फिरवली.

"माका कायतरी झालाहा. पोटात दुखता. रगत येता."

बसथांब्यावर काय सांगायचं राहिलं होतं ते तेव्हा कळलं.

"घाबरू नको. तुका काय होवक नाय. सगळ्या बायांका होता. माका पण तुझ्याच वयार झाला. बाबांका सांगलंस?"

"नाय. तू पण सांगू नको."

"बरा. माझ्या पेटयेत तळाक जुनी धुतलेली साडी आसा, ती फाड." मशिनींच्या आवाजात मी तिला एकेक सांगत गेले. किटवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो निघून गेला होता.

शेवटी ती म्हणाली, "तू माका आधी कित्या सांगूक नाय?"

माझ्या आईनेही मला आधी सांगितलं नव्हतं. पण ती तेव्हा हाताच्या अंतरावर होती. तिने मला चौथ्या दिवशी परसात बसवून डोक्यावरून कढत पाणी घातलं, केसांना खोबरेल लावलं आणि सुरंगीच्या फुलांचा वळेसर माळला. सुरंगीचे दिवस होते, म्हणजे हेच, शिमग्याच्या आधीचे. तेवढंच आमच्याकडचं कौतुक. बोलली ती काहीच नाही, पण तिचे हात डोक्यावर फिरत होते तेव्हा मला समजलं होतं की वाईट काही झालेलं नाही. मला तेच द्यायचं होतं, आणि माझे हात दुसऱ्यांच्या जर्सीत.

गावच्या औषधाच्या दुकानात आमचाच नात्यातला माणूस. तिथून हे काही आणतील हे होणार नव्हतं आणि लेक तर मुळीच जाणार नव्हती. हॉटेल जीर्ण चादरी आम्हालाच देतं. सुती, पुष्कळ धुऊन मऊ झालेल्या. दोन रात्री मी त्या कापून, उकळून, थर घालून शिवल्या, इस्त्री केली आणि गाठोडं बांधलं. मग ह्यांना फोन केला आणि कधी नव्हे ते स्पष्ट सांगितलं.

"चेडू दोन दिस माझ्याशी बोलणा नाय," हे म्हणाले. "माका वाटला, माझाच कायतरी चुकला."

"लाँड्रीच्या मागच्या गल्लीत येवा. गाठोडा देतंय, घेवन जावा."

"चलात मा तसा?"

चालेल असं मला खरंच वाटत होतं. नियम मी मनात दारांसारखा धरला होता. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, ते मळक्याचं दार. धुतलेलं बाहेर जातं, त्याला कोण अडवतं? मी कोणाला विचारलंही नाही. विचारायचं म्हणजे काय आहे, कोणासाठी आहे, हे सांगावं लागलं असतं.

मागच्या गल्लीला लोखंडी गजांचं दार आहे, कुलूप लावलेलं. दुपारी तिथे कोणी नसतं. मोटारसायकल थांबली तर मागे लेक. मी तिला बोलावलं नव्हतं. हे म्हणाले, "आयकना नाय ता. म्हणता, मी पण येतलंय." आणि लांब जाऊन झाडाकडे बघत उभे राहिले.

तिने परकर-पोलका घातला नव्हता, रोजचाच फ्रॉक होता, तरी ती मला कोणीतरी मोठी वाटली. केसांत सुरंगीचा वळेसर. शेजारच्या काकीने करून दिला होता. मी गजांतून गाठोडं दिलं. तिने ते काखेत धरलं.

"काकी म्हणता, चौथ्या दिसा न्हावक होया. मी सांगलंय, आये इल्याशिवाय नाय."

"येड्यासारख्या करू नको. न्हाव."

"रोज न्हातंय. ता न्हाणा नाय." मग म्हणाली, "आये, डोका हयसर कर."

मी गजांना कपाळ टेकवलं. तिने स्वतःच्या केसांतला वळेसर काढला, दातांनी दोरा तोडला, अर्धा आपल्याला ठेवला आणि अर्धा गजांतून हात घालून माझ्या अंबाड्यात खोचला. मास्क दोघींच्याही तोंडावर होता. तिचा हात माझ्या मानेवर किती वेळ होता मला सांगता येणार नाही. मी तिची बोटं धरली होती. मला त्या वेळी कुठलंच दार आठवलं नाही.

परत आत आले, हात धुतले, संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या सामन्याचे निळे कपडे इस्त्री केले. फुलं मी पदराआड झाकली होती. पण सुरंगी झाकून राहत नाही. आंटी खोलीत आली ती दारातच थांबली.

"गो, सुरंगी खंयची?"

मी सांगितलं. सगळं, कसलं गाठोडं तेसुद्धा. आंटी खाटेवर बसली. तिने माझ्या अंबाड्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कागदात बांध आणि कचऱ्यात टाक. कोणाक कळणा नाय. बावीस दिस रवले, बाय. बावीस दिसांसाठी चाळीस हजार घालवतलंस?"

"फूल आत इला, आंटी. हातान हात धरलंय. आणि त्याच हातान मी सगळ्यांच्या जर्सी..."

"हात धुतलंस मा?"

"धुतलंय."

"मग झाला."

तिचं म्हणणं माझ्या भल्याचंच होतं. मी फुलं कागदात बांधली. टाकली नाहीत, उशाशी ठेवली. गावातून रोज काहीतरी ऐकू येत होतं, ह्याला करोना झाला, तो गेला. लेकीला किंवा काकीला असलाच तर? माझ्या हातून तो त्या पंचवीस जणांच्या अंगावर गेला तर? एकतीस नंबर पाच महिने घर सोडून नुसता बसला होता, आणि त्याची पाळी यायच्या आधीच माझ्यामुळे खेळ बंद पडला तर? नाही सांगितलं तर बावीस दिवसांनी मी घरी, पैसेही माझे. सांगितलं तर ते पैसे परत करायचे होते, आणि ते पत्र्यांत आणि फोनमध्ये गेलेले.

सकाळी किटवाला यादी घेऊन आला. नेहमीसारखं म्हणाला, "दीदी, आज बोलने का दिन है क्या?"

मी म्हटलं, "हां."

तो हसायला लागला होता, तो थांबला.

"कल पीछे के दरवाजे पे मेरी बेटी आयी थी. मैं हाथ लगाया. फूल लिया. बाद में ये सब इस्त्री किया."

तो दोन पावलं मागे सरला. त्याने तसंच करायला हवं होतं, पण ती दोन पावलं मला अजून दिसतात. त्याने विचारलं, "कौन कौन सा कपड़ा?" मी म्हटलं, "नीला सब. सफ़ेद वाला परसों धोया था, उसको बाद में हाथ नहीं लगाया." मग तो फोन काढून भराभर बोलायला लागला. अर्ध्या तासात अंगभर पांढरा झगा घातलेला माणूस आला आणि मला टोकाच्या खोलीत घेऊन गेला. त्या संध्याकाळी टीमची बस निघाल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. सामना रद्द झाला नव्हता.

सात दिवस मी त्या खोलीत होते. तीनदा तपासलं, तिन्हीदा काही निघालं नाही. टीममध्येही कोणाला नाही. मॅनेजर दाराबाहेरून बोलला. रागावला नाही. म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं. पण आता कळलं, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, "होय." पुन्हा आत घेता येणार नव्हतं. पगार माझा. वरचे पैसे परत, पण सवडीने दे म्हणाला.

निघाले तेव्हा किटवाला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. तिथूनच म्हणाला, "दीदी, उस दिन सफ़ेद में खेले. आपका ही धोया हुआ. जीत गये." मी मान हलवली. मला आणखी बोलायचं होतं, पण जमलं नाही. एकतीसची पिशवी शिवणीत उसवली होती, ती टाका घालायला घेतलेली तशीच राहिली, हे तरी सांगायला हवं होतं.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी परसात चूल पेटवली. लेक पाटावर बसली. मी तिच्या डोक्यावरून कढत पाणी घातलं, खोबरेल चोळलं. तिचे केस माझ्याशिवायच वाढले होते. काकीने सुरंगी ठेवून दिली होती, मी माळायला गेले तर तिने मान बाजूला घेतली.

"माका नको."

"कित्या गो?"

"माझ्या फुलांनी तुझे पैसे गेले."

मी म्हटलं तुझ्यामुळे नाही, मीच गजांना डोकं लावलं. हेही म्हणाले, "पैशे काय, फेडूया." तिने ऐकून घेतलं. पण वळेसर काकीच्या दारात नेऊन ठेवला. पुढल्या वर्षी सुरंगी फुलली तेव्हाही तिने माळली नाही. मी काही बोलले की म्हणायची, "फिटले काय? फिटल्यावर."

शेवटच्या चारांतला टीमचा सामना आम्ही कातळावर बसून तिच्या फोनवर पाहिला. चित्र सारखं अडकत होतं. आमची टीम हरत होती. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा बाकावरून एक जण उठला आणि मैदानाच्या कडेला येऊन उड्या मारायला लागला. पाठीवर एकतीस. तो आत गेला आणि पहिल्याच धावेत पडला, अख्खा, पोटावर. उठला तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत हिरवा-तांबडा.

"तुझोच काय तो?" लेकीने विचारलं.

"होय."

ते हरले. मशिनीतला गोंगाट वाजत राहिला. मी विचार करत होते की आज ती जर्सी कोण धुणार, थंड पाण्यात आधी भिजवणार की एकदम मशिनीत टाकणार. घरी यायला मी तीन महिने झुरले होते, आणि घरच्या कातळावर बसून मला त्या लाँड्रीत जायचं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

मग पुन्हा साथ वाढली, हॉटेल पुन्हा बंद झालं. मी दोडामार्गच्या काजूच्या कारखान्यात लागले. काजूच्या तेलाने बोटांची सालं जातात, नखं काळी होतात. आलेल्या मजुरीतून घर चालवून जे उरेल ते दर दोन-तीन महिन्यांनी मी बसने हॉटेलात नेऊन द्यायची. कधी हजार, कधी दोन. मॅनेजर बदलला, तरी नवीन माणसाने वहीत माझं पान शोधून ठेवलं होतं. हॉटेल नीट सुरू झाल्यावर त्यांनी मला परत लाँड्रीत घेतलं, तेव्हापासून पगारातून कापून घ्यायला सांगितलं. आंटी आता कामावर नाही, मालवणला घरी असते. भेटली की विचारते, "अजून किती?"

लेक नववीत होती तेव्हा, सुरंगीच्याच दिवसांत, मला हिशेबाच्या खिडकीवरून निरोप आला की शेवटचे अठराशे राहिलेत. मी म्हटलं, कापू नका, रोख आणून देते. मला ते हाताने द्यायचे होते. लेक म्हणाली, मी पण येतलंय.

म्हापशाच्या बाजारात बस बदलताना बायका टोपल्यांत वळेसर घेऊन बसल्या होत्या. वास थांब्यापर्यंत येत होता. लेक एका टोपलीपाशी रेंगाळली, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"येताना," ती म्हणाली.

हॉटेलात खिडकीवरच्या मुलीने नोटा मोजल्या, वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि शिक्का मारून पावती दिली. मी ती लेकीकडे दिली. तिने ती मनात वाचली, मग एकदा मला ऐकू येईल एवढ्या आवाजात वाचली. "बाकी काही नाही. रक्कम पूर्ण मिळाली."